सायकलचं दुकान ते किर्लोस्करवाडी: चेन, छर्रे आणि नांगराचे फाळ समजून घेणारे लक्ष्मणराव

कोरपना, गडचांदूर, नांदा, आवारपूर या पट्ट्यात सायकल चालवणाऱ्याला दोन गोष्टी हमखास छळतात. पावसाळ्यात कपाशीच्या शेतातली काळी माती मडगार्डात गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. उन्हाळ्यात सिमेंटच्या गाड्यांची धूळ चेनवरच्या तेलात मिसळते आणि त्याचा असा काही लगदा होतो, की चेन आणि दाते दोन्ही घासून निघतात.

मग चहाच्या टपरीवर ठरलेली चर्चा सुरू होते. चेनला खोबरेल तेल चालतं की मशीनचंच हवं? गिअरवाली सायकल भारी की काकांची जुनी काळी सायकल? ओव्हरॉयलिंग वर्षातून एकदा करायचं की दोनदा? एक जण आपल्या सायकलला दहा वर्षांत हात लावला नाही म्हणून मिरवतो आणि बाकीचे त्याच्या चेनच्या कुरकुरीवरून त्याची खेचतात.

या चर्चेत एका माणसाचं नाव यायला पाहिजे, पण सहसा येत नाही. ते नाव आहे लक्ष्मणराव किर्लोस्कर. पंप, इंजिन आणि नांगर यांच्यामुळे हे आडनाव खेड्यापाड्यात पोचलं. पण या सगळ्याची सुरुवात सायकलपासून झाली, हे किती जणांना माहीत असतं?

चित्रकार व्हायचं होतं

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा. गाव गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा. शाळेच्या पुस्तकांत त्यांचं मन रमत नव्हतं. आवडी दोनच, चित्रं काढणं आणि यंत्रं खोलून बघणं. 1885 मध्ये ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथे दोन वर्षांत वेगळीच अडचण समोर आली. त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखू येत नव्हता. रंगांधळेपणामुळे चित्रकाराचं स्वप्न तिथेच संपलं. पण रेघ पक्की होती आणि मापात चूक होत नव्हती. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत, म्हणून ते त्याकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. शिकवता शिकवता वर्कशॉपमध्ये यंत्रं हाताळायलाही शिकले.

1888 मध्ये सायकल म्हणजे काय होती?

त्या काळातली सायकल आजच्या सायकलसारखी साधी गोष्ट नव्हती. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, ही रचना इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्लीच्या रोव्हर सायकलमुळे 1885 मध्ये रूढ होऊ लागली. त्याआधी पुढचं चाक भलंमोठं असायचं आणि पडलं की माणूस थेट डोक्यावर आपटायचा. हवा भरलेल्या टायरचं पेटंट जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने घेतलं ते 1888 मध्ये. म्हणजे आपण ज्याला पंक्चर म्हणतो, ती भानगडही तेव्हा नुकतीच जन्माला आली होती.

नेमक्या त्याच 1888 पासून किर्लोस्कर बंधू या नावाची सुरुवात धरली जाते. लक्ष्मणराव मुंबईत होते आणि थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, बेळगावात. धाकट्याने मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि थोरल्याने त्या बेळगावात विकायच्या, असा हा व्यवहार. लक्ष्मणरावांचं वय तेव्हा होतं 19.

आता सायकल विकली की काम संपलं, असं तेव्हा नव्हतं. गिऱ्हाइकाने आयुष्यात कधी सायकल पाहिलेली नसायची, त्यामुळे चालवायलाही दुकानदारानेच शिकवायचं. आणि बिघडली तर? पार्ट परदेशातून येणार, गावात दुसरा मिस्त्री नाही. म्हणजे विकणारा, शिकवणारा आणि दुरुस्त करणारा एकच.

सायकल दुरुस्ती माणसाला काय शिकवते?

सायकल हे असं यंत्र आहे, की त्याचा जवळपास प्रत्येक भाग बाहेरून दिसतो. चाकाचा एक्सल खोला, आत कोन, कटोरी आणि छर्रे. कोन जास्त आवळला तर चाक जड फिरतं, सैल ठेवला तर डगडगतं. रिमला आऊट आला तर एकच स्पोक पिळून भागत नाही. एका बाजूचा आवळायचा, समोरच्या बाजूचा किंचित सैल करायचा आणि चाक फिरवून पुन्हा पाहायचं. चेन ताणली गेली आणि तशीच वापरत राहिलात तर ती दाते खाते, मग चेनसोबत दातेही बदलावे लागतात.

म्हणजे झीज कुठे होते, ती कशाने वाढते आणि कोणता भाग वेळेत बदलला तर बाकीचं यंत्र वाचतं, हे सायकलवाल्याला रोज दिसत असतं. लक्ष्मणरावांच्या पुढच्या कामाकडे पाहिलं की ही नजर जागोजागी जाणवते.

नोकरी सोडली, पुढे काय?

इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. साल 1897 च्या आसपासचं. घरी पत्नी राधाबाई, हाताशी मोजकं भांडवल.

सायकलींच्या धंद्यात हळूहळू इतरही विक्रेते येऊ लागले, तसे भाऊ वेगळ्या मालाच्या शोधात लागले. आसपास शेती होती आणि शेतकऱ्याची अवजारं पिढ्यान् पिढ्या तशीच होती. त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगराला हात घातला.

कोरपन्याच्या शेतकऱ्याला यातली गोम लगेच कळेल. काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हात दगडासारखी कडक. हराळी आणि कुंद्याच्या मुळ्या खोल गेलेल्या असतात. लाकडी नांगर ही माती वरवर उकरतो, तर लोखंडी नांगराचा फाळ खोल जाऊन ती उलटवतो. बाजारात विलायती लोखंडी नांगर होते. लक्ष्मणरावांनी 1903 मध्ये इथेच ओतकाम करून आपला नांगर तयार केला.

दोन वर्षं नांगर पडून

पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असा समज शेतकऱ्यांमध्ये पक्का होता. पहिले नांगर खपायला जवळपास दोन वर्षं गेली. विचार करा, भांडवल अडकलेलं, माल तयार आणि गिऱ्हाईक वस्तूला हात लावायलाही घाबरतंय. पण सायकलच्या वेळीही हेच झालं होतं, की लोकांनी वस्तूच कधी पाहिलेली नाही आणि दाखवल्याशिवाय विश्वास बसणार नाही. किर्लोस्करांचा नांगर शेतात चालताना दिसू लागला, तशी भीती कमी झाली आणि मागणी वाढत गेली.

1910: जागाच गेली

धंद्याचा जम बसतोय तोच मोठा घाव बसला. बेळगावातली कारखान्याची जागा शहराच्या वाढीसाठी घेतली गेली आणि कारखाना हलवायची वेळ आली. लक्ष्मणरावांचं वय 40. भट्टी, यंत्रं, कामगार, घरदार, सगळं घेऊन जायचं कुठे?

इथे औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार. चित्रकार व्हायचं राहून गेलेल्या या उद्योजकाला त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जमीन देऊ केली आणि बिनव्याजी 10 हजार रुपयांचं कर्जही दिलं. जमीन म्हणजे माळरान. निवडुंग, साप आणि विंचू. पाण्याची वानवा.

10 मार्च 1910 रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. सोबतीला आलेल्या माणसांकडे मोठ्या पदव्या नव्हत्या. यंत्रांचं काम शंभोअण्णा जांभेकरांनी पाहिलं, हिशेब मंगेशराव रेग्यांनी, वस्तीची व्यवस्था रामूअण्णांनी. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी काम दिलं, अगदी रात्रीच्या पहाऱ्याचंसुद्धा. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, याबद्दल ते ठाम होते.

नांगरामागोमाग उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं, लोखंडी फर्निचर आणि पुढे पंप तिथे तयार होऊ लागले. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या छोट्याशा किर्लोस्कर खबरीतून पुढे किर्लोस्कर मासिक उभं राहिलं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीतून इंजिनिअर होऊन परतला. 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळुरूत विजेच्या मोटारींचा उद्योग सुरू झाला. जुनं कुंडल रोड स्टेशन आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखलं जातं.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. बेळगावात आजही एका रस्त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात.

मग चेनला तेल कोणतं?

टपरीवरचा वाद मिटवायचा तर उत्तर सोपं आहे. खोबरेल तेल थंडीत गोठतं आणि धूळ धरतं, त्यामुळे मशीनचं पातळ तेल बरं. पण तेल कोणतं यापेक्षा आधी पुसणं महत्त्वाचं. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने चेन पुसा, वाळू द्या, मग प्रत्येक कडीवर एकेक थेंब सोडा. पेडल उलटं फिरवा आणि वर राहिलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून टाका. धुळीच्या रस्त्यावर तेल जास्त झालं की ते चेनचं नुकसानच करतं. पावसाळ्यात शेतातून आलात की मडगार्डातला चिखल ओला असतानाच काडीने काढा, वाळला की तो निघत नाही. आणि ओव्हरॉयलिंग? रोज चालवत असाल तर पावसाळा संपल्यावर एकदा नक्की करा, कारण छर्ऱ्यांपर्यंत पाणी गेलेलं बाहेरून दिसत नाही.