विश्लेषण : करिअर सल्ल्याचे मोल संस्थांना कोणी पटवून दिले? इंजिनीअर, मजूर ते वकील… फ्रँक पार्सन्स यांची कहाणी

प्लेसमेंटचा आकडा कॉलेजच्या जाहिरातीत ठळक छापला जातो. पण विद्यार्थ्यांना करिअर निवडायला मदत करणाऱ्या कक्षावर पैसा आणि माणसे का लावायची, हा प्रश्न आला की अनेक ठिकाणी हात आखडता घेतला जातो. या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९०८ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. तो करणारे फ्रँक पार्सन्स स्वतः इंजिनीअर होते. करिअर मार्गदर्शनाचे जनक म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. आपले काम पुढे किती पसरले, हे पाहायला मात्र ते राहिले नाहीत.

कोण होते फ्रँक पार्सन्स?

पार्सन्स यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८५४ रोजी न्यू जर्सीतील माउंट हॉली येथे झाला. कॉर्नेल विद्यापीठातून १८७३ मध्ये इंजिनीअरिंगची पदवी घेतली तेव्हा ते १८ वर्षांचे होते. एका रेल्वे कंपनीत नोकरीही लागली. पण त्याच वर्षी अमेरिकेत मोठे आर्थिक संकट आले आणि कंपनी दिवाळखोरीत निघाली. पदवीधर इंजिनीअरवर लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये मजुरी करण्याची वेळ आली.

त्यानंतर त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील साउथब्रिज येथे शाळेत शिकवले. मग कायद्याचा अभ्यास करून १८८१ मध्ये वकिलीची सनद मिळवली. या अभ्यासाच्या ताणाने तब्येत इतकी ढासळली, की सावरण्यासाठी सुमारे तीन वर्षे न्यू मेक्सिकोच्या मोकळ्या हवेत काढावी लागली.

बोस्टनला परतल्यावर त्यांनी कायद्याची पुस्तके संपादित केली. १८९२ ते १९०५ या काळात ते बोस्टन विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये व्याख्याते होते. १८९५ मध्ये महापौरपदाची निवडणूक लढवून हरले. १८९७ मध्ये कॅन्सस राज्यातील कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले, पण दोनच वर्षांत तिथले राजकीय वारे फिरले आणि ती नोकरीही गेली. चुकलेली निवड, हुकलेली संधी आणि बदलते क्षेत्र या तिन्ही गोष्टी त्यांनी स्वतः अनुभवल्या होत्या.

व्होकेशन ब्युरो कसा सुरू झाला?

बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात तेव्हा इटालियन आणि ज्यू स्थलांतरितांची दाट वस्ती होती. तिथे मेयर ब्लूमफिल्ड यांनी १९०१ मध्ये ‘सिव्हिक सर्व्हिस हाउस’ हे केंद्र सुरू केले होते. १९०५ मध्ये पार्सन्स यांनी तिथेच कामगारांसाठी संध्याकाळचे वर्ग सुरू केले. शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांशी बोलताना एक गोष्ट पुढे आली. पुढे काय करायचे, हे त्यांच्यापैकी अनेकांनी ठरवलेले नव्हते. जे काम समोर येईल ते धरायचे, असाच बहुतेकांचा बेत होता. पार्सन्स यांच्या व्याख्यानानंतर काही मुले वेगळी भेट मागू लागली.

या भेटींतूनच कायमस्वरूपी केंद्राची कल्पना पुढे आली. समाजसेविका पॉलीन अगासिझ शॉ यांनी आर्थिक बळ दिले आणि १३ जानेवारी १९०८ रोजी ‘व्होकेशन ब्युरो’ सुरू झाला.

पद्धत काय होती?

पार्सन्स यांची पद्धत तीन पायऱ्यांची होती. पहिली पायरी म्हणजे स्वतःची नीट ओळख : आवड, क्षमता, मर्यादा, घरची परिस्थिती. दुसरी, वेगवेगळ्या कामांची खरी माहिती : लागणारे शिक्षण, मिळणारा पगार, पुढची संधी आणि धोके. तिसरी, या दोन्हींची सांगड घालून विचारपूर्वक निर्णय. निर्णय उमेदवाराचाच, सल्लागाराने फक्त विचार करायला मदत करायची, यावर त्यांचा कटाक्ष होता.

भेटीआधी उमेदवाराला लांबलचक प्रश्नावली भरावी लागे. त्यानंतर मुलाखत होई आणि तिची नोंद ठेवली जाई. कोणत्या उद्योगात किती लोक काम करतात, याचे तक्तेही समोर ठेवले जात. ओळखीच्या माणसाने सहज दिलेला सल्ला आणि ब्युरोचा सल्ला यांतला मुख्य फरक या नोंदी आणि आकडेवारीत होता.

उपयोग पटवून कसा दिला?

ब्युरो सुरू होऊन चार महिने होण्याच्या आतच, १ मे १९०८ रोजी पार्सन्स यांनी अहवाल मांडला. तोवर ८० स्त्री-पुरुषांनी सल्ला घेतला होता. आलेल्यांत १५ वर्षांच्या मुलांपासून ७२ वर्षांच्या वृद्धांपर्यंत सगळे होते. चुकीच्या कामात अडकलेला माणूस स्वतःचे नुकसान करतोच, शिवाय मालकाचा पैसा आणि समाजाने शिक्षणावर केलेला खर्चही वाया जातो, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणून हे काम धर्मादाय केंद्रापुरते न ठेवता सार्वजनिक शाळांचा भाग व्हावे आणि ते प्रशिक्षित माणसांकडे द्यावे, अशी त्यांची मागणी होती.

त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, २६ सप्टेंबर १९०८ रोजी पार्सन्स यांचे निधन झाले. त्यांचे ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे पुस्तक १९०९ मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

विद्यापीठांपर्यंत हे काम कसे पोहोचले?

ब्युरोची धुरा ब्लूमफिल्ड यांनी सांभाळली. बोस्टनच्या शाळांनी शंभराहून अधिक शिक्षकांवर मार्गदर्शनाची जबाबदारी सोपवली. १९१० मध्ये बोस्टनमध्येच या विषयावरची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. १९११ मध्ये ब्लूमफिल्ड यांनी हार्वर्डमध्ये या विषयाचा उन्हाळी अभ्यासक्रम शिकवला. १९१३ मध्ये मार्गदर्शकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९१७ मध्ये खुद्द ब्युरोच हार्वर्ड विद्यापीठाकडे गेला. स्थलांतरितांच्या वस्तीतले काम नऊ वर्षांत विद्यापीठाच्या छताखाली आले.

भारतात १९३८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागात असे काम सुरू झाले. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय व्होकेशनल गायडन्स ब्युरो आणि १९४७ मध्ये पारसी पंचायतीचा मार्गदर्शन ब्युरो सुरू झाला.

त्रुटी कोणत्या होत्या?

पार्सन्स यांच्या पद्धतीत कच्चे दुवेही होते. उमेदवाराच्या डोक्याच्या ठेवणीवरून अंदाज बांधण्याची त्या काळातली अशास्त्रीय सवय त्यांच्या नोंदींतही दिसते. मानसशास्त्रीय चाचण्या तेव्हा बाल्यावस्थेत होत्या. सर्वांत मोठी उणीव पुराव्याची होती. सल्ला घेतलेल्यांचे पाच-दहा वर्षांनी काय झाले, हे तपासायला पार्सन्स यांना वेळच मिळाला नाही. ८० जणांनी सल्ला घेतला, यावरून गरज दिसते. परिणाम सिद्ध होत नाही.

आज हा मुद्दा महत्त्वाचा का?

एनआयआरएफ क्रमवारीत किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली, किती जण उच्च शिक्षणाला गेले आणि पगाराचा मध्यांक किती, याला गुण असतात. नॅकच्या मूल्यांकनातही प्लेसमेंट मोजली जाते. त्यामुळे प्लेसमेंट सेलचा उपयोग व्यवस्थापनाला आकड्यांत दाखवता येतो. मात्र मिळालेले काम विद्यार्थ्याला मानवले का, तो दोन-तीन वर्षांनी त्या क्षेत्रात टिकला का, हे पगाराच्या मध्यांकातून कळत नाही. ते कळण्यासाठी पहिल्या वर्षापासून सल्ल्याच्या नोंदी आणि पदवीनंतर काही वर्षे पाठपुरावा लागतो. नोंदींचा धडा पार्सन्स यांनी १९०८ मध्येच घालून दिला. त्यांचा राहून गेलेला पाठपुरावा आजच्या करिअर कक्षांना माजी विद्यार्थ्यांच्या याद्या आणि मोबाइल फोनच्या मदतीने करता येण्यासारखा आहे.