संत बर्णबा : धीर देणारा प्रेषित



११ जून हा संत बर्णबाचा स्मृतिदिन. मूळ नाव योसेफ, सायप्रस बेटावरचा लेवी. शेत विकून आलेले पैसे त्याने प्रेषितांच्या चरणी ठेवले. धीर देणारा अशा अर्थाचे बर्णबा हे नाव प्रेषितांनीच त्याला दिले.

येरुशलेमात शौलाला सगळे घाबरत. कालपर्यंत छळ करणारा आज शिष्य कसा? बर्णबाने त्याला सोबत घेऊन प्रेषितांकडे नेले. पुढे अंत्युखियाची ख्रिस्तसभा वाढू लागली, तेव्हा तो स्वतः तार्सला जाऊन शौलाला घेऊन आला. (आपल्यापेक्षा वरचढ सोबती शोधायला कोण जातो!) वर्षभर दोघांनी तेथे शिकवण दिली. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव प्रथम तेथेच मिळाले.

याच अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बांधवांच्या पंक्तीतून उठला आणि बर्णबाही त्याच्यामागे गेला. पौलाने, म्हणजे त्याच शौलाने, पेत्राला सर्वांदेखत खडसावले. त्यात बर्णबाही आला. ज्याला हात दिला, त्याच्याकडून हे ऐकायचे!

मार्कवरूनही दोघांचे बिनसले. अर्ध्या प्रवासातून परतलेल्या मार्कला पौल सोबत नेईना. बर्णबा त्याला घेऊन सायप्रसला गेला. मला वाटते, येथे बर्णबाचेच बरोबर होते. कारण पुढे तुरुंगातून तिमथ्याला लिहिलेल्या पत्रात पौल मार्कलाच बोलावून घेतो.