दादाभाई नौरोजी : परीक्षेच्या नियमांशी झुंजलेला माणूस

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे अध्यापन करणारे पहिले भारतीय प्राध्यापक दादाभाई नौरोजी १८५५ साली कामा कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. त्याच वर्षी लंडनमध्ये भारतीय सनदी सेवेची पहिली स्पर्धा परीक्षा झाली. १८३३ च्या सनदी कायद्यानुसार धर्म, वंश किंवा वर्ण यांमुळे कोणीही सरकारी पदास अपात्र ठरणार नव्हता. परीक्षाही सर्वांना खुली होती. फक्त ती लंडनलाच होत असे.

या 'फक्त'मध्ये काय दडले आहे, हे दादाभाईंना लवकरच उमगले. रुस्तमजी वाडिया हा पारशी तरुण परीक्षेच्या तयारीसाठी विलायतेस आला असताना कमाल वय २३ वरून २२ करण्यात आले आणि तो बाद झाला. दादाभाईंनी अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार केला, प्रकरण लोकांपुढे मांडले; यश आले नाही. १८६३ मध्ये सत्येंद्रनाथ टागोर उत्तीर्ण झाले. त्यानंतर संस्कृत व अरबीचे गुण ५०० वरून ३७५ वर उतरले. लॅटिन व ग्रीकचे मात्र प्रत्येकी ७५० राहिले. पुढे वयोमर्यादा २१ झाली. १८६९ मध्ये उत्तीर्ण झालेल्या सुरेंद्रनाथ बॅनर्जी व श्रीपाद बाबाजी ठाकूर यांना तर वयाच्या नोंदीतील तफावतीवरून वगळले गेले. भारतात चालू वर्ष धरून वय सांगण्याची रीत होती, एवढाच तो घोळ. प्रकरण न्यायालयात गेल्यावर दोघांना परत घ्यावे लागले.

यातील एकाही नियमात भारतीयांचा उल्लेख नव्हता. प्रत्येकाला प्रशासकीय कारण जोडलेले होते, आणि प्रत्येकाचा भार एकाच बाजूवर पडत होता. दादाभाई म्हणूनच हेतूच्या वादात फारसे शिरले नाहीत. सरकारी अहवालांतलेच आकडे काढून वरिष्ठ पदांवर किती भारतीय आहेत, वेतन व निवृत्तिवेतनाच्या रूपाने किती पैसा देशाबाहेर जातो, हे ते मांडत राहिले. मागणीही नेमकी होती : हीच परीक्षा एकाच वेळी भारतातही घ्यावी.

विद्वत्तेचा आव आणणाऱ्या वंशवादालाही त्यांनी सोडले नाही. लंडनच्या मानववंश अभ्यासकांच्या संस्थेचे अध्यक्ष जॉन क्रॉफर्ड यांनी आशियाई वंशांना हीन ठरवणारा निबंध वाचला होता. १८६६ मध्ये त्याच संस्थेपुढे दादाभाईंनी त्याचे खंडन केले.

भारतमंत्री लॉर्ड सॉल्सबरी यांच्या निर्णयाने १८७८ पासून वयोमर्यादा १९ वर आली. मुंबई-कलकत्त्याच्या मुलाने शाळकरी वयातच समुद्र ओलांडून परक्या भाषेत स्पर्धा करावी, असा त्याचा अर्थ होता. हेच सॉल्सबरी पंतप्रधान असताना, १८८८ मध्ये, काळ्या माणसाला इंग्रज मतदार निवडून देणार नाहीत अशा आशयाचे जाहीर सभेत बोलून गेले. रोख दादाभाईंवर होता. या उघड अपमानाने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले आणि १८९२ मध्ये मध्य फिन्सबरीतून ते अवघ्या ५ मतांनी निवडून आले. अपमानाला मतपेटीतून उत्तर देता आले. नियमाला उत्तर देणे अधिक बिकट होते.

२ जून १८९३ रोजी कॉमन्स सभेत हर्बर्ट पॉल यांनी दोन्ही देशांत एकाच वेळी परीक्षा घेण्याचा ठराव मांडला, दादाभाईंनी अनुमोदन दिले, आणि तो ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत झाला. सरकारने तो प्रांतिक सरकारांकडे अभिप्रायासाठी धाडला. मद्रास वगळता प्रतिकूल मते आली आणि ठराव बाजूला पडला. ज्यांच्या मक्तेदारीचा प्रश्न होता, त्यांनाच सल्ला विचारण्यात आला होता.

१८९५ मध्ये त्यांची जागा गेली. तरीही भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगाचे ते सदस्य होते, आणि आयोगापुढे साक्षही त्यांनी दिली. १८९७ मध्ये पुण्याहून गेलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी याच आयोगापुढे साक्ष देताना वरिष्ठ पदांपासून दूर ठेवल्याने होणारी भारतीयांची हानी मांडली. १९०६ मध्ये कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून, वयाच्या ८१ व्या वर्षी, दादाभाईंनी स्वराज्याची मागणी केली. नियमदुरुस्तीच्या अर्जांत अर्धशतक घालवलेल्या माणसाची ती मागणी होती.

३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. सनदी सेवेची परीक्षा भारतात प्रथम घेतली गेली ती १९२२ साली, अलाहाबादला.