कातारी चार्ल्स पीटरसन
— द्वितीय वर्ष, कला

आपल्या पाठ्यपुस्तकांतून ज्यांची चरित्रे आपण वाचतो ते राजे असतात, संत असतात, समाजसुधारक असतात, नाहीतर मोठे शास्त्रज्ञ असतात. त्यांची चरित्रे वाचलीच पाहिजेत. पण लाकूड कातणाऱ्या माणसाचे चरित्र शाळेत माझ्या वाचनात कधी आले नाही. माझे वडील सुतार आहेत. आमच्या घरात दप्तर येण्याच्या कितीतरी आधी पटाशी आणि रंधा आलेले होते. महाविद्यालयाची पायरी चढणारा घरातला मीच पहिला. म्हणूनच असेल, एखाद्या वस्तूवर कोणाचे नाव कोरलेले दिसले, की ती वस्तू घडवणारे हात त्याच माणसाचे होते का, असा प्रश्न मला पडतो. बहुतेक वेळा उत्तर नकारार्थी येते. चार्ल्स पीटरसन या माणसाच्या बाबतीत ते होकारार्थी आले, आणि त्याच्याविषयी लिहावेसे वाटले.

तंबाखूच्या पाईपची सुधारणा हे या माणसाचे जीवितकार्य. पाईपच्या शौकिनांत त्याचे नाव जगभर घेतले जाते. आपल्याकडे ते फारसे कानावर येत नाही. तरी त्याच्या कारखान्यातली वस्तू आपल्यापैकी पुष्कळांनी पडद्यावर पाहिली असेल. शेरलॉक होम्स म्हटले की वाकडा पाईप डोळ्यांसमोर येतो. कॉनन डॉईलच्या कथांतला होम्स मातीचा, ब्रायरचा आणि चेरीच्या लाकडाचा पाईप ओढतो. वाकडा पाईप त्याला कायमचा चिकटला तो रंगभूमीमुळे आणि नंतर चित्रपटांमुळे. १९३९ पासून बॅसिल रॅथबोन या नटाने होम्स पडद्यावर रंगवला, तेव्हा त्याच्या तोंडी पीटरसनचा पाईप होता.

पीटरसनचा जन्म १८५१ साली साबिले या गावी झाला. अबावा नदीकाठचे हे लहानसे गाव आज लाटविया या देशात आहे. त्या काळी तो सारा मुलूख रशियाच्या झारच्या साम्राज्यात मोडत असे. तिथल्या शेतकऱ्यांची भूदासपणातून सुटका १८१७ साली झाली होती, पण जमिनी मात्र जर्मन वंशाच्या सरदारांकडेच राहिल्या होत्या. ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, त्याला हातातली कला हाच सातबारा. पीटरसनच्या हातात लाकूड कातण्याची कला होती. ती घेऊन तो घराबाहेर पडला आणि १८७५ च्या सुमारास आयर्लंडमध्ये डब्लिन शहरी येऊन पोहोचला.

डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीट या गजबजलेल्या रस्त्यावर फ्रेडरिक आणि हाइनरिख काप या भावांचे पाईपचे दुकान होते. हे काप बंधूही परदेशीच, जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचे. पीटरसन स्वतः घडवलेले पाईप एका पिशवीत भरून त्यांच्या दुकानात शिरला आणि तुमच्यापेक्षा चांगले पाईप मी करतो असे त्याने तोंडावर सांगितले, अशी आख्यायिका त्या कंपनीत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. आख्यायिका म्हणूनच ती घ्यायची. मात्र तो त्या दुकानात कारागीर म्हणून लागला आणि पुढे दुकानाच्या पाटीवर त्याचे नाव चढले, हा इतिहास आहे.

त्याने नेमके काय केले हे कळण्यासाठी आधी पाईपची अडचण समजून घ्यायला हवी. चांगला पाईप ब्रायरचा करतात. भूमध्य समुद्राच्या काठच्या प्रदेशात वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी लाकडाची गाठ धरते, तिला ब्रायर म्हणतात. ही गाठ उकळून, वाळवून, मग कातून तिची वाटी बनवतात. ती सहजासहजी जळत नाही. वाटीत तंबाखू जळते, तेव्हा धुराबरोबर पाण्याची वाफही निघते. वाटीपासून दांडीत येईतो ती थंड होते आणि तिचे पाणी होते. या पाण्यात तंबाखूचा काळा, कडू अर्क उतरतो. मग ओढताना गुडगुड आवाज होऊ लागतो आणि केव्हातरी तो कडू घोट जिभेवर येतो.

आमचे आजोबा चिलीम ओढत. चिलमीच्या बुडाशी ते ओली चिंधी गुंडाळत, रोज सकाळी तारेने ती खरवडून काढत आणि ओट्याच्या कडेवर हलकेच आपटून झाडत. जळती तंबाखू आणि माणसाचे तोंड यांच्यामध्ये काय ठेवावे, हा प्रश्न सगळ्या मुलखांतल्या ओढणाऱ्यांपुढे होता. आपल्याकडे कोणी ओली चिंधी ठेवली, हुक्केवाल्यांनी पाण्याचे भांडे ठेवले. युरोपातला पाईप खिशात मावायचा असल्यामुळे तिथे पाण्याचे भांडे चालण्यासारखे नव्हते.

त्यात आणखी एक पेच होता. सरळ पाईप दातांत धरला तर वाटीचे सारे वजन लांब दांडीच्या टोकाशी येते आणि जबडा अवघडतो. पाण्याची भरलेली बादली हात लांब करून धरली की खांदा भरून येतो, तसाच हा प्रकार. दांडी वाकवली की वाटी हनुवटीजवळ येते, भार कमी जाणवतो आणि हातही मोकळे राहतात. पण वाकडी दांडी म्हणजे नळीतला खोलगट भाग, आणि पाणी नेमके तिथेच साचणार! म्हणजे जबड्याला आराम द्यावा तर पाईप घाण होतो, आणि पाईप स्वच्छ ठेवावा तर जबडा दुखतो. आराम आणि स्वच्छता यांचे असे भांडण लागलेले होते.

हे भांडण पीटरसनने १८९० साली मिटवले. त्या वर्षी त्याने आपल्या रचनेचे पेटंट घेतले. ती रचना ऐकायला अगदी साधी आहे. वाटीतून धूर येण्याचे छिद्र त्याने दांडीत जरा वरच्या अंगाला पाडले आणि त्याच्या खाली लाकडातच एक लहानशी विहीर कोरली. धूर छिद्रातून बाहेर येतो, त्यातले पाणी वजनामुळे विहिरीत पडते, आणि कोरडा झालेला धूर वरच्या नळीतून तोंडाकडे जातो. पाणी साचणारच असेल तर त्याला साचायला हक्काची जागा द्यावी, हा त्यातला विचार.

पण विहीर केली की ती उपसायलाही हवी. साध्या पाईपची तोंडाकडची नळी लाकडात घट्ट बसवलेली असते, आणि पाईप गरम असताना ती ओढून काढली तर लाकूड तडकण्याची किंवा नळी मोडण्याची भीती असते. पीटरसनने नळीचे टोक निमुळते केले आणि दांडीच्या तोंडावर चांदीची किंवा निकेलची टोपी चढवली. ना आटे, ना खाच. निमुळते टोक नुसते दाबून बसवायचे आणि हवे तेव्हा ओढून काढायचे. पाईप गरम असला तरी नळी काढता येते, विहीर झटकता येते, फडक्याने पुसता येते. धातूच्या टोपीमुळे दांडीला बळकटी आली आणि पाईप दिसायलाही देखणा झाला.

एवढ्यावर एखादा थांबला असता. पीटरसनने पुढे नळीच्या टोकाकडे लक्ष वळवले. नेहमीच्या नळीतून धूर सरळ जिभेवर आदळतो आणि जीभ पोळते. १८९८ साली त्याने नव्या घडणीच्या मुखनळीचे पेटंट घेतले. तिचे छिद्र समोर नसून वरच्या बाजूला आहे. त्यामुळे धूर टाळूकडे जातो आणि पसरतो. छिद्राच्या खालचा भाग असा घडवलेला आहे, की जिभेचे टोक तिथे आपोआप टेकते आणि लाळही नळीत शिरत नाही. पीटरसनच्या नावाच्या आद्याक्षरावरून या नळीला पी-लिप म्हणतात.

या दोन्ही सुधारणांत रसायनशास्त्राचा नवा शोध नाही, मोठे यंत्रही नाही. छिद्र कुठे पाडायचे एवढाच प्रश्न आहे. पण ते कुठे पाडायचे हे कळण्यासाठी वापरणाऱ्याचा जबडा, जीभ, टाळू, त्याचे दात आणि पाईप पुसताना होणारा त्याचा त्रास, हे सगळे ध्यानात घ्यावे लागते. माझे वडील विळ्याला मूठ बसवतात तेव्हा विळा कोण वापरणार हे आधी विचारतात आणि त्या माणसाचा पंजा पाहतात. बाईचा हात असेल तर मूठ बारीक करतात. पीटरसनच्या पेटंटविषयी वाचताना मला त्यांची ती सवय आठवली. आपण हातकाम आणि बुद्धिकाम असे दोन कप्पे करतो. मुठीची जाडी ठरवण्याचे काम यांपैकी कोणत्या कप्प्यात टाकायचे?

पीटरसन पुढे भागीदार झाला आणि दुकानाचे नाव काप अँड पीटरसन असे पडले. डब्लिनच्या कारखान्यात कारागिरांच्या हातून ही रचना शेकडो आकारांत घडू लागली. चांदीच्या टोप्यांवर डब्लिनच्या परीक्षण कार्यालयाचे छाप मारले जात. त्यांवरून एखादा जुना पाईप कोणत्या वर्षीचा हे जाणकारांना आजही सांगता येते. मार्क ट्वेनसारखा लेखक हा पाईप ओढत असे.

मालक झाल्यावरही पीटरसन समाजवादी विचारांचाच राहिला. १९०५ साली रशियन साम्राज्यात क्रांतीचा उठाव झाला. त्यात त्याचा तरुण पुतण्या कॉन्राड सामील होता. उठाव चिरडला गेल्यावर तो निसटला आणि डब्लिनला काकाच्या आश्रयाला आला. पुढे तो अभियंता झाला आणि आयर्लंडमधील पीट, म्हणजे दलदलीतून काढण्यात येणाऱ्या जळाऊ मातीच्या उद्योगात त्याने नाव मिळवले. काकाची मिळकत अशीही कामी आली.

चार्ल्स पीटरसन १९१९ साली वारला. त्याच्या आधीच्याच वर्षी त्याची मायभूमी लाटविया स्वतंत्र झाली होती, आणि त्याची कर्मभूमी आयर्लंड इंग्रजांशी स्वातंत्र्याचा लढा देत होती. त्याच्या नावाची कंपनी २०१८ साली अमेरिकेतल्या लाउडीसी कुटुंबाकडे गेली. १८९० च्या त्या विहिरीचे पाईप मात्र त्यानंतरही बनत राहिले.

मित्रहो, इथवर मी पीटरसनची स्तुती केली. पण एक गोष्ट टाळून पुढे गेलो तर हे चरित्र अर्धवट राहील. त्याने इतक्या मायेने जी वाट करून दिली ती धुराची होती. धूर जिभेला लागू नये याची त्याने काळजी घेतली. तो शरीराला काय करतो हे त्याच्या काळी सिद्ध झालेले नव्हते. १९५० नंतर डॉल आणि हिल या इंग्लंडमधील संशोधकांनी व इतरांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला. त्यात पाईप ओढण्याने ओठाचा कर्करोग होतो असा स्पष्ट निष्कर्ष होता. ज्या ओठांच्या सुखासाठी पीटरसनने आयुष्य वेचले, तेच हे ओठ. आमचे आजोबा घशाच्या दुखण्याने गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना पाण्याचा घोटही गिळवत नव्हता. त्यामुळे पीटरसनच्या पाईपचे कौतुक मला मोकळ्या मनाने करता येत नाही.

मग हे चरित्र लिहायचे तरी कशाला? मी बराच विचार केला. मला असे वाटते, की वस्तू सुखाची झाली म्हणून ती हिताची होत नाही, हा या आयुष्याचा पहिला धडा. किंबहुना विष जितके सोयीचे होते तितके ते अंगवळणी पडते. जीभ पोळली असती तर एखाद्याने पाईप खाली ठेवला असता. आज आपल्या गावांतून सुगंधी तंबाखूच्या चकचकीत पुड्या लटकतात. चव गोड करणे, पुडी लहान करणे, खिशात मावेल अशी करणे, ही सारी तशीच हुशारी आहे, आणि आज तर तिचा परिणाम पुरता माहीत असताना ती चाललेली आहे. पीटरसनला अज्ञानाचा जो फायदा देता येतो तो या लोकांना देता येणार नाही.

दुसरा धडा मात्र त्याच्या बाजूचा आहे. दुसऱ्याच्या शरीराला कुठे टोचते, कुठे अवघडते, हे पाहायचे आणि मग आपल्या हत्याराने तेवढीच जागा नीट करायची, ही त्याची दृष्टी पाईपपुरती नव्हती. खुरप्याला, विडी वळणाऱ्या बाईच्या सुपाला, रिक्षाच्या आसनाला, आपल्या वर्गातल्या बाकांना ती दृष्टी अजून लागायची आहे. ही कामे आपल्या आईवडिलांची आहेत, आणि त्यांत कुठे टोचते हे आपल्याला पुस्तक न उघडता ठाऊक आहे.

आपल्या शाखेचे नाव कला आहे. कातारीकामालाही आपल्या भाषेत कलाच म्हणतात. साबिले गावच्या त्या माणसाला दोन्ही अर्थ एकच वाटले असते, आणि माझ्या वडिलांनाही.