नीळकंठशास्त्री गोऱ्हे : शंकेच्या सोबतीने सत्तेचाळीस वर्षे

पवारांबरोबर धार-देवासला, होळकर-शिंद्यांबरोबर इंदूर-उज्जैनला आणि पेशव्यांच्या सरदारांबरोबर थेट बुंदेलखंडापर्यंत जी मराठी घराणी गेली, त्यांतील बहुतेकांनी घरात मराठी आणि दारात हिंदी असा संसार केला. अशाच एका चित्पावन घराण्यात, झाशीजवळ काशीपुरा या गावी, 8 फेब्रुवारी 1825 रोजी नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म झाला. घरातील वडीलधारी मंडळी बांद्याच्या नवाबाच्या कारभारात होती. हा नवाब म्हणजे बाजीराव-मस्तानीच्या वंशातला. तेव्हा हे नाते पेशवाईशीच येऊन मिळते. पुढे कुटुंब काशीस राहावयास गेले. दरबारातील मान, गंगेचे सान्निध्य आणि वेदशास्त्रांचे अध्ययन एवढे सगळे ज्याला जन्मतःच लाभले, त्याच मुलाने पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काशीतील ब्रह्मवृंदात त्या काळी केवढी खळबळ उडाली असेल, याची कल्पना जुन्या घरांतील वाचकांस सहज करता येईल.

पण आज त्यांचे स्मरण करावयाचे ते त्यांच्या धर्मांतरासाठी नव्हे. धर्मांतर केलेले विद्वान त्या शतकात बरेच झाले. बाबा पदमनजी झाले, रेव्हरंड नारायण वामन टिळक झाले. गोऱ्हे यांचे वेगळेपण असे की, स्वीकारलेल्या श्रद्धेविषयी त्यांचे मन जन्मभर निःशंक झाले नाही आणि तरीही त्यांनी ती सोडली नाही.

सुरुवात वादापासून झाली. काशीत विल्यम स्मिथ नावाचे मिशनरी रस्त्यात उभे राहून उपदेश करीत. नीळकंठशास्त्री तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे, व्याकरण आणि न्याय यांत तयार झालेले. या साहेबास निरुत्तर करावे म्हणून ते त्याच्याकडे गेले. त्याच सुमारास जॉन म्यूर या संस्कृतज्ञ अधिकाऱ्याचा 'मतपरीक्षा' हा ख्रिस्ती मताचे समर्थन करणारा संस्कृत ग्रंथ पंडितांत फिरत होता. त्याच्या खंडनार्थ नीळकंठशास्त्र्यांनी 1844-45 मध्ये 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ संस्कृतात रचला. विशीतल्या मुलाचे हे काम. पण त्याची तर्कपद्धती पाहिली तर मुरलेल्या नैयायिकाची वाटते. प्रतिपक्षाचा ग्रंथ नीट वाचल्याखेरीज खंडन करावयाचे नाही, ही शास्त्राची शिस्त. त्या शिस्तीने त्यांनी बायबल वाचावयास घेतले. वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी मन अडकले, आणि जो खोडून काढावयास निघाला होता तोच ओढला गेला. 14 मार्च 1848 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. काशीत प्रक्षोभ होईल म्हणून हा विधी जौनपूरला उरकला. नहेम्या हे नवे नाव मिळाले.

जातीबाहेर पडलेल्या माणसाचे त्या काळी काय होई ते निराळे सांगण्याची गरज नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 11 सप्टेंबर 1853 रोजी कन्या झाली आणि थोड्याच अवधीत लक्ष्मीबाई वारल्या. पोराला सांभाळावयास आजी नाही, आत्या नाही. माहेर-सासरची सारी दारे बंद. ही मुलगी एका निळीच्या मळेवाल्या इंग्रज कुटुंबात वाढली. 1857 च्या धामधुमीत त्या कुटुंबाची वाताहत झाली, तेव्हा स्टॉर्स नावाच्या पाद्र्याने तिला सांभाळले व पुढे विलायतेस नेले. तीच एलन लक्ष्मी गोऱ्हे. हिची इंग्रजी भक्तिगीते ख्रिस्ती मंडळीत अजून गायिली जातात. 1880 मध्ये ती हिंदुस्थानात परतली आणि 1937 साली वारली. बापलेकीच्या वाट्याला एका छपराखाली दिवस फार थोडे आले. ज्या धर्मासाठी घर सोडले, त्याने घर असे परक्याच्या हाती दिले. याचे दुःख त्यांना नव्हते असे कोण म्हणेल?

शंका मात्र या दुःखातूनच आल्या असे म्हणणे बरोबर होणार नाही. त्या बाप्तिस्म्यानंतर लागलीच सुरू झाल्या. न्यायशास्त्राने घडलेले मन ते! कोणताही सिद्धांत पुढे आला की त्यावरचे आक्षेप आधी दिसावेत, ही त्याची सवय. काशीत असताना ही सवय भूषण होती. प्रार्थनेस बसल्यावर तीच काट्यासारखी बोचू लागली. पापी जीवास अनंतकाळ शिक्षा, हे ख्रिस्ती मत त्यांना विशेष जड गेले. दयाळू ईश्वर आणि न संपणारा नरक यांचा मेळ कसा घालावा? गंमत अशी की, ज्या गाठीवर स्वतःचे बोट अडत होते तीच सोडविण्यासाठी त्यांनी 1868 साली कलकत्त्यास एक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यात त्या मताची बाजू घेतली. दुसऱ्यास समजावताना आपलेच मन समजावण्याचा हा प्रकार विद्वानांत अगदी अपूर्व नाही.

1854 साली आणखी एक प्रसंग आला. पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग आदल्या वर्षी ख्रिस्ती झाले होते. त्यांच्याबरोबर शिक्षक म्हणून गोऱ्हे विलायतेस गेले. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, मानमरातब झाला. पण ज्या देशातून हा धर्म आला, तो देश या धर्माप्रमाणे चालत असेल अशी त्यांची भाबडी समजूत होती, ती लंडनच्या रस्त्यांवर फुटली. ऑक्सफर्डला मॅक्स म्यूलर यांना ते भेटले तेव्हा अगदी खचलेले होते. लंडनमध्ये आपण पाहिले तोच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नव्हे, परत मायदेशी जावे हे बरे, अशा अर्थाचे ते रडत रडत बोलले. मॅक्स म्यूलर यांनी ही हकीकत पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. घर तुटलेले, पत्नी गेलेली, मूल परक्यांकडे, आणि ज्यासाठी हे सारे सोसले त्याचे माहेरच असे निघाले! येथे पुष्कळांनी परतीची वाट धरली असती. काशीत प्रायश्चित्ताची सोय होतीच.

गोऱ्हे परतले ते कामास लागले. 1860 साली त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ निघाला. सहा दर्शनांचे हे खंडन फिट्झ-एडवर्ड हॉल यांनी इंग्रजीत उतरविले आणि ते 1862 मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस त्यातील निष्कर्ष मान्य होणार नाहीत, आणि प्रस्तुत लेखकासही वेदान्ताची त्यांनी केलेली मांडणी एकांगी वाटते. परंतु दर्शनांची पूर्वपक्षे त्यांनी जितक्या काटेकोरपणे मांडली आहेत तितक्या काटेकोरपणे त्या काळच्या परकीय टीकाकारांपैकी फार थोड्यांना मांडता आली. प्रतिपक्षास त्याच्याच परिभाषेत उत्तर द्यावयाचे हा काशीचा संस्कार गेला नव्हता.

शंकांवर त्यांनी दोन उपाय केले. एक म्हणजे एकट्याच्या बुद्धीवर सारा भार टाकावयाचा नाही. अठरा शतकांच्या चर्चची परंपरा जे सांगते त्यास प्रमाण मानावयाचे. शब्दप्रमाण हे आपल्या शास्त्रांत प्रत्यक्ष-अनुमानाच्या जोडीने येते. त्याच्याच जागी त्यांनी चर्चला बसविले, असे आमच्या दृष्टीने म्हणता येईल. म्हणूनच ते सुधारक मिशनऱ्यांपासून दूर होत परंपरावादी अँग्लिकन पंथाकडे झुकले. 1868 मध्ये डीकन आणि 1870 मध्ये कलकत्त्याचे बिशप मिलमन यांच्या हस्ते ते धर्मगुरू झाले. दुसरा उपाय तपाचा. 1876 मध्ये ऑक्सफर्डजवळ काउली येथील संन्यासी मंडळात ते शिकाऊ म्हणून दाखल झाले. उपवास, दारिद्र्य, ठरल्या वेळची उपासना हे सर्व त्यांनी कसोशीने पाळले. मन लागो न लागो, घंटा वाजली की उपासनेस बसावयाचे. मात्र कायमची शपथ त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही. जेवढे पटले तेवढेच हाती धरावे, पुढचे उगीच बोलू नये, हा त्यांचा प्रामाणिकपणा येथेही दिसतो.

या काळात चांदा, इंदूर, पुणे, मुंबई असा त्यांचा फिरता मुक्काम असे. इंदूर म्हणजे देवासकरांस आणि धारकरांस शेजारचेच गाव. तेथे फादर ओनील हे काउली पंथाचे साधू अत्यंत साधेपणाने राहून काम करीत आणि 1882 मध्ये पटकीने तेथेच वारले. पुण्यास गोऱ्हे ज्या पंथाच्या पंच हौद मिशनशी निगडित होते, त्याचे नाव मराठी वाचकांस 1890 च्या चहाच्या ग्रामण्यामुळे ठाऊक आहे. चहाचा पेला ओठाला लागला की नाही यावर पुणे तापले होते. त्याच मिशनच्या भिंतीआड चाललेल्या खऱ्या झगड्याकडे कोणाचे लक्ष जाणार?

1882 मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. आसामात पती वारलेले, कडेवर मनोरमा, आणि धर्माविषयी मन अस्थिर. ब्राह्मसमाजाचे मत त्यांना तेव्हा जवळचे वाटत असे व ते वेदांतूनच निघाले अशी त्यांची समजूत होती. गोऱ्हे यांच्याशी त्यांचे बोलणे झाले, आणि त्या विलायतेस गेल्यावर पत्रव्यवहारही चालला. ब्राह्म मत हे वेदांतले नसून नाव बदललेले ख्रिस्ती मतच आहे, असे त्यांनी बाईंना पटवून दिले. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्या निर्णयात गोऱ्ह्यांच्या पत्राचा वाटा होता हे बाईंनी स्वतः मान्य केले आहे. ज्याच्या स्वतःच्या मनाला रात्री चैन नसे, त्याच्या लेखणीने दुसऱ्याचा निश्चय झाला. त्यातही नवल असे की, थोड्याच वर्षांत त्रैक्याच्या सिद्धांतावरून रमाबाई वाँटेजच्या भगिनींशी नेमक्या तशाच कडक प्रश्नोत्तरांत उतरल्या. दोघेही शास्त्र्यांच्या घरचे. विचारल्यावाचून मानणे दोघांनाही जमले नाही. फरक एवढाच की, बाईंनी चर्चच्या अधिकारापुढे मान तुकविण्याचे नाकारले, तर गोऱ्ह्यांनी त्याच अधिकारात आसरा शोधला. बाईंचा मार्ग आम्हांस अधिक धैर्याचा वाटतो. पण गोऱ्ह्यांना पडलेली किंमत कमी होती असे नव्हे.

म्हातारपणीही शंका सुटल्या नाहीत. वाचन चालूच होते, आणि युरोपातील नव्या चिकित्सेने बायबलवर घेतलेले आक्षेप इतर मिशनऱ्यांच्या आधी यांच्या ध्यानात येत. 29 ऑक्टोबर 1895 रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत त्याच शहरात नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता.

विशीत ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ लिहिलेला त्यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' मात्र शंभर वर्षे हस्तलिखितातच पडून होता. सदाशिव कात्रे यांनी तो संपादित केला आणि 1951 साली उज्जैनच्या सिंधिया प्राच्य संस्थेने तो छापला. देवासहून तासाभराच्या वाटेवर, आपल्याच माळव्यात.