उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद आणि राजकारण

बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी आता इतिहासजमा झाली. कुर्डुवाडी ते लातूर हा मार्ग २००७-०८ च्या सुमारास रुंद झाला, तो वळवून धाराशिव शहरालाही स्थानक मिळाले, आणि अडीच फुटांच्या त्या रुळांची आठवण आता केवळ वयोवृद्धांच्या बोलण्यात उरली आहे. परंतु या जिल्ह्यातील येडशी ते तडवळे हा त्या जुन्या मार्गाचा लहानसा तुकडा भारताच्या औद्योगिक इतिहासात विशेष मानाचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम ज्या ठेकेदारांनी घेतले, त्यांत सोलापूरच्या एका दिगंबर जैन पेढीचा विशी-बाविशीतील मुलगा होता. पुढे बोगदे, पूल, जहाजे, साखर, विमाने आणि मोटारी अशा सर्व क्षेत्रांत ज्याचे नाव झाले, त्या शेठ वालचंद हिराचंद यांच्या ठेकेदारीची सुरुवात अशी निजामाच्या मुलखातील काळ्या मातीत झाली.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. व्यापारानिमित्त ते दक्षिणेत आले आणि सोलापुरात कापूस व सावकारी हे दोन्ही व्यवसाय त्यांनी नावारूपाला आणले. पिता हिराचंद नेमचंद हे केवळ धनिक नव्हते. समाजात शिक्षणाचा प्रसार व्हावा, धर्मग्रंथ छापून सर्वांच्या हाती पडावेत, या मताचे ते होते, आणि १८८० च्या दशकात सोलापुरातून सुरू झालेल्या ‘जैन बोधक’ मासिकाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच काळात माता राजूबाई यांचे निधन झाले. १८९९ मध्ये मॅट्रिक झाल्यावर त्यांना उच्च शिक्षणासाठी मुंबईस पाठविण्यात आले, परंतु पदवी पूर्ण झाली नाही. घरी परतून ते पेढीवर बसले खरे, पण व्याजाची खतावणी लिहिण्यात त्यांचे मन रमले नाही.

अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. त्यांना कामाची माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदांच्या घरी भांडवल होते, पण या कामाची माहिती नव्हती. एक ब्राह्मण कारकून आणि एक जैन सावकारपुत्र यांची ही भागीदारी त्या काळाच्या मानाने अपूर्वच म्हटली पाहिजे. दोशी घराण्यातील वडीलधाऱ्यांनी अशा व्यवसायासाठी पैसा मोकळा केला, हेही लहान धाडस नव्हते. सावकारीत तारण हाती असते. ठेक्यात मात्र आधी पैसा मातीत घालावा लागतो आणि मागाहून सरकारी बिलाची वाट पाहावी लागते. बार्शी लाइट रेल्वेच्या या लहान कामानंतर फाटक-वालचंद मंडळींना मोठी कामे मिळत गेली, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी बांधकामांनी त्यांची भरभराट केली. १९२० च्या सुमारास ते टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत आले, १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली, आणि भोर घाटातील रेल्वेचे बोगदे खोदून निघाले.

येथवरची कथा यशस्वी ठेकेदाराची आहे, आणि तिला अपवाद म्हणावे असे काही नाही. ज्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक सरकार, त्याने सरकारला दुखवू नये, हा व्यापाराचा साधा हिशोब आहे. वालचंदांची मिळकत रेल्वे आणि लष्कर यांच्या बिलांवर उभी होती. त्यांनी त्या मिळकतीवर समाधान मानले असते, तर रावबहादूर वा तत्सम पदवी घेऊन ते सुखाने निवृत्त झाले असते आणि त्यांचे चरित्र आज कोणी वाचले नसते. त्यांनी नेमके उलट केले. सरकारी कामातून आलेला पैसा त्यांनी अशा व्यवसायात घातला, जो इंग्रजांच्या मक्तेदारीला थेट भिडणारा होता.

१९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडील एक जहाज विक्रीस आहे असे त्यांना कळले. युद्धकाळात ते इस्पितळ म्हणून वापरले गेले होते. त्याचे नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा. इंग्रजांच्या समुद्रावरील सत्तेला आव्हान देणाऱ्या जहाजाचे हे नाव असावे, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी २७ मार्च १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली, आणि ५ एप्रिल रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाले. वालचंद स्वतः त्या जहाजावर होते. व्यापारी दृष्टीने हे जहाज तोट्याचेच ठरले आणि काही वर्षांतच ते मोडीत निघाले. पण हिंदी मालकीच्या कंपनीने समुद्रावर पाऊल टाकले होते.

किनाऱ्यावरील मालवाहतूक त्या वेळी लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या हाती होती. नवी कंपनी आली की तिने भाडे उतरवावयाचे, नवागत बुडेपर्यंत तोटा सोसावयाचा, आणि तो बुडाल्यावर भाडे पुन्हा चढवावयाचे, ही त्यांची ठरलेली रीत. तमिळनाडूतील चिदंबरम पिळ्ळे यांची स्वदेशी जहाज कंपनी याच रीतीने आणि सरकारी दडपणाने नामशेष झाली होती. दुकानदारीत असलेल्या कोणासही हा डाव ठाऊक असतो. समोरच्या गल्लीत मोठा व्यापारी माल खरेदीभावाच्या खाली विकू लागला की लहान दुकानदार किती दिवस तग धरणार? ब्रह्मदेशच्या तांदळावरील भाडे असेच कोसळले. सिंदिया विकत घेण्याचा प्रस्तावही इंचकेप यांच्याकडून आला. तो नाकारला गेला. अखेरीस १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. त्यानुसार सिंदियाने ७५ हजार टनांपलीकडे जहाजे वाढवावयाची नाहीत आणि हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन यांच्या किनाऱ्यापुरतीच मालवाहतूक करावयाची, असे ठरले. कंपनी वाचली, पण हात बांधले गेले. वालचंदांना हा करार फार जाचला, आणि याच जाचातून त्यांचे राजकारण आकाराला आले असे म्हणता येईल.

भाड्याच्या लढाईत कितीही पैसा ओतला, तरी कायदा ज्याच्या बाजूने आहे तोच जिंकणार, हे त्यांच्या लक्षात आले. जगातील अनेक देश आपल्या किनाऱ्यावरील वाहतूक आपल्याच जहाजांसाठी राखून ठेवीत. हिंदुस्थानात मात्र ती परक्यांना मोकळी होती. सिंदियाच्या सेवेतील साराभाई नेमचंद हाजी मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले आणि १९२८ मध्ये त्यांनी किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखीव करण्याचे विधेयक मांडले. गोऱ्या व्यापारी संघटनांनी त्यावर कडाडून हल्ला केला आणि विधेयक अखेर तडीस गेले नाही. परंतु जहाजाचे भाडे हा स्वराज्याचा प्रश्न आहे, ही गोष्ट त्या निमित्ताने साऱ्या देशाच्या ध्यानात आली. १९३१ मध्ये महात्मा गांधींनीही आपल्या ‘यंग इंडिया’ पत्रातून देशी जहाजधंद्याची बाजू मांडली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांचे निधन झाल्यावर सिंदियाचे अध्यक्षपद वालचंदांकडे आले, आणि ते दोन दशके त्यांच्याकडे राहिले.

वालचंदांचे राजकारण कायदेमंडळातील आसनाचे नव्हते. १९२७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली. मुंबई शहराबाहेरील व्यापाऱ्यालाही आवाज असावा, हा त्यामागील विचार सोलापूर-बार्शीच्या बाजारात वाढलेल्या माणसालाच सुचावा. १९३२-३३ मध्ये ते देशातील व्यापारी संघटनांच्या शिखर संस्थेचे, म्हणजे फिक्कीचे अध्यक्ष झाले. कायदेभंगाच्या चळवळीमुळे तुरुंग भरलेले असताना हे पद म्हणजे काट्यांचे आसन होते. साम्राज्यातील मालास सवलत देणाऱ्या ओटावा कराराला या संस्थेचा विरोध होता. सरकारशी जुळवून घ्यावे असे मानणारे वजनदार उद्योगपतीही त्याच व्यासपीठावर होते. सरकारी ठेक्यांवर वाढलेल्या वालचंदांचा कल मात्र कणखर भूमिकेकडेच राहिला. त्यांच्या बरोबरीच्या अनेकांना ‘सर’ ही पदवी मिळाली. वालचंदांच्या नावामागे ती कधीच लागली नाही.

तथापि त्यांचे राजकारण सर्वस्वी निर्दोष होते असे लिहिणे सत्याला धरून होणार नाही. १९३६ मध्ये लखनौ काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून पंडित जवाहरलाल नेहरूंनी समाजवादाचा उघड पुरस्कार केला, तेव्हा मुंबईतील २१ उद्योगपतींनी त्याविरुद्ध जाहीर पत्रक काढले. त्यावर वालचंदांची सही होती. घनश्यामदास बिर्लांना हे मुळीच रुचले नाही. त्यांनी वालचंदांना पत्र लिहून नापसंती कळविली. मालमत्ता असलेल्याने मालमत्तेच्या रक्षणासाठी स्वतःच ओरड करणे शोभत नाही, आणि त्याने काम साधण्याऐवजी बिघडते, असा त्या पत्राचा रोख होता. बिर्लांचे म्हणणे बरोबर होते. पत्रकाने नेहरूंचे काही बिघडले नाही. व्यापारी वर्ग मात्र स्वार्थी दिसला. मनात आले ते उघड बोलावे हा वालचंदांचा स्वभाव समुद्रावरच्या लढाईत उपयोगी पडला, येथे मात्र नडला.

मधल्या काळात त्यांची शेतीही फुलत होती. नाशिक जिल्ह्यातील रावळगावच्या खडकाळ माळावर त्यांनी ऊस उभा केला आणि तेथे साखर कारखाना काढला. त्यानंतर इंदापूर तालुक्यातील कळंब येथे (धाराशिव जिल्ह्यातील कळंब ते हे नव्हे) १९३४ मध्ये दुसरा कारखाना निघाला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. १९३७ मध्ये सिंदियाने हज यात्रेसाठी ‘अल मदिना’ हे जहाज सोडले. एका जैन गृहस्थाच्या कंपनीने मुसलमान यात्रेकरूंना मक्केच्या वाटेवर न्यावे आणि त्या मार्गावरील परकीय मक्ता मोडावा, याचे त्या काळी मोठे कौतुक झाले.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि वालचंदांनी विमान, मोटार व जहाज हे तिन्ही कारखाने एकाच वेळी काढण्याचा ध्यास घेतला. प्रवासात अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांची भेट झाली आणि त्यातून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या भागीदारीने बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचे भाग विकत घेतले. मोटारीसाठी सरकारी साहाय्य मिळालेच नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि गाड्या बाहेर पडण्यास १९४७ साल उजाडले.

जहाजबांधणीची कथा मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. कलकत्त्यास जागा मनासारखी मिळेना, म्हणून विशाखापट्टणम निवडले गेले. पायाभरणीस कोणास बोलवावे, हा प्रश्न आला. युद्ध चालू होते, यंत्रे व पोलाद यांचा परवाना सरकारच्या हाती होता. व्हाइसरॉय किंवा गव्हर्नर यांना बोलावले असते तर वाट सुकर झाली असती. वालचंदांनी बोलावले ते काँग्रेसचे नेते डॉ. राजेंद्रप्रसाद यांना. गांधीजींचा वैयक्तिक सत्याग्रह चालू असताना, २१ जून १९४१ रोजी, राजेंद्रबाबूंच्या हस्ते पायाभरणी झाली. कोट्यवधींचे भांडवल गुंतलेल्या व्यापाऱ्याने घेतलेला हा निर्णय होता. एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी विशाखापट्टणमवर बाँब टाकले. यंत्रसामग्री मुंबईस हलवावी लागली आणि काम कित्येक महिने रखडले. तरीही कारखाना मोडला नाही. १४ मार्च १९४८ रोजी तेथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले. ते उतरविले पंतप्रधान पंडित नेहरूंनी, बारा वर्षांपूर्वी ज्यांच्या विचारांविरुद्ध वालचंदांनी पत्रकावर सही केली होती त्याच नेहरूंनी.

१९४९ मध्ये पक्षाघाताने त्यांना गाठले आणि पुढील वर्षी ते सर्व जबाबदाऱ्यांतून मुक्त झाले. कारभार गुलाबचंद, रतनचंद व लालचंद या बंधूंकडे गेला. स्वातंत्र्यानंतर किनारी वाहतूक देशी जहाजांसाठी राखली गेली, आणि १९५२ च्या आरंभी विशाखापट्टणमच्या कारखान्याचा बहुतांश हिस्सा सरकारने घेतला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतील सिद्धपूर येथे, पत्नी कस्तुरबाई जवळ असताना, त्यांनी देह ठेवला. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापूरची वालचंद महाविद्यालये त्यांचे नाव चालवीत आहेत. सोलापुरातच पित्याच्या नावाने वाणिज्य महाविद्यालय व वाचनालय आहे. धाराशिव, बार्शी, तुळजापूर भागातील कित्येक जैन कुटुंबांतील मुले-मुली तेथे शिकून गेली. ‘लॉयल्टी’ ज्या दिवशी मुंबईहून निघाले, तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.