बाटली क्रमांक ५३-एन

मुंबईहून पुण्याला जाताना लोणावळा सुटले की मळवली येते आणि उजव्या हाताला भाज्याच्या लेण्यांचा डोंगर दिसू लागतो. १८९६ च्या हिवाळ्यात याच रुळांवरून मुंबईची माणसे बोचकी घेऊन पळत होती. त्यांच्याबरोबर प्लेगही घाट चढून पुण्याकडे निघाला होता.

मांडवीत ही साथ प्लेगचीच आहे, हे गोव्याचे डॉ. व्हिएगास यांनी सप्टेंबरात ओळखले. ऑक्टोबरात डॉ. वाल्डेमार हाफकिन मुंबईत दाखल झाले. १८६० साली ओडेसात ज्यू कुटुंबात जन्मलेला हा माणूस. धर्म बदलला असता तर रशियात प्राध्यापकी मिळाली असती. त्याने ती नाकारली आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथपालाची नोकरी पत्करली. तिथेच पटकीची लस तयार केली, १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचली, आणि पुढच्या वर्षी हिंदुस्थानात येऊन ती हजारोंना दिली.

मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. जंतू वाढवायला मांसाचा रस लागतो. पण गायीचे किंवा डुकराचे मांस वापरले असते तर हिंदू-मुसलमान दोघांनीही पाठ फिरवली असती. हाफकिननी बोकडाचे मांस घेतले. रसावर तुपाचे थेंब सोडले, त्यांना लोंबकळत जंतू वाढले. मग ते उष्णतेने मारून लस बनवली. साथीच्या घाईत एका परदेशी माणसाने लोकांच्या ताटाचा एवढा विचार करावा, हे थोडे नाही. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पहिली मात्रा स्वतःच घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली. तिथे टोचून घेतलेल्यांत प्लेग फारच थोडा आढळला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला रमजान लागला तेव्हा शहर निम्मे ओस पडत चालले होते. घराघरांत शिरणाऱ्या तपासणी पथकांविषयी संताप होता, सुईविषयी अफवा होत्या. अशा वेळी विशीतले आगाखान, सर सुलतान महंमद शाह, यांनी लोकांसमोर बाही वर करून लस घेतली. एकदा नव्हे, अनेकदा. खोजा जमातीतले हजारो लोक त्यांच्या मागोमाग आले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगलाही दिला. पुढे १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

आणि मग मुलकोवाल. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या या गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली, क्रमांक ५३-एन. इतर बाटल्यांची लस घेतलेल्यांपैकी कुणालाही धनुर्वात झाला नाही. चौकशी समितीने बोट परळकडे दाखवले: लस तयार करताना कार्बोलिक आम्ल न घालता फक्त उष्णतेवर विसंबल्यामुळे ती दूषित झाली, असा ठपका. हाफकिन निलंबित झाले, लंडनला गेले.

कागद मात्र दुसरेच सांगत होते. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच काढले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली परळहून निघताना दूषित असती, तर इतक्या दिवसांनी ती उघडताच दुर्गंधी आली असती. तशी आली नव्हती. आज रुग्णालयात नीट निर्जंतुक न केलेल्या हत्यारातून होणाऱ्या संसर्गाची जात हीच. लंडनच्या लिस्टर संस्थेनेही परळचा दोष सिद्ध होत नसल्याचे सांगितले, तरी सरकार हलेना. अखेर १९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी टाइम्समध्ये पत्र लिहिले, तेव्हा कुठे त्याच वर्षअखेर निर्दोषत्व मान्य झाले.

हाफकिन परत आले, पण परळला नव्हे, कलकत्त्याला. माणसांवर नवे प्रयोग करण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. काही वर्षांनी निवृत्त होऊन ते युरोपात परतले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. त्यानंतर पाच वर्षांनी लोझान येथे त्यांचे निधन झाले. लग्न त्यांनी केले नव्हते.